बारा बोल्ट

तो माणूस गाडीखाली जरा जास्तच वेळ गप्प होता.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. डेट्रॉइटच्या उत्तरेला असलेल्या एका उपनगरात, घरमालकांच्या गॅरेजसमोर माझी १९७० सालची शेव्हरोले शेव्हेल मॅलिबू उभी होती, आणि ती विकत घ्यायला आलेला पन्नाशीचा गृहस्थ पुठ्ठा अंथरून तिच्याखाली उताणा पडला होता. त्याआधी वीस मिनिटं त्याने रीतसर घासाघीस केली होती. चाकांवरच्या पत्र्याला बोटाने टिचक्या मारून गंज कुठे आहे ते दाखवलं, डॅशबोर्डची चीर दाखवली, दाराची बिजागरी सैल झालीय म्हणाला. मी चोवीस हजार डॉलर सांगितले होते, तो एकवीसवर अडला होता. मग टॉर्च घेऊन खाली गेला. पुढून मागे सरकत गेला, आणि मागच्या चाकांमध्ये पोचल्यावर त्याचं बोलणं थांबलं.

बाहेर आला, पँट झटकली आणि अगदी सपाट आवाजात म्हणाला, "ठीक आहे. चोवीस."

त्याने काय पाहिलं ते मला माहीत होतं. त्यावरून त्याने काय ताडलं तेही, आणि ते चूक होतं हेही. मी म्हणालो, "ओके." या एका 'ओके'बद्दल मी गेले काही महिने विचार करतोय.

*

ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांच्यासाठी थोडं पुराण लावावं लागेल. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या दिसणाऱ्या अमेरिकन गाडीत भलंमोठं इंजिन बसवलेलं वाहन. १९६४च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून ही लाट सुरू झाली असं सहसा मानतात. विम्याचे चढते हप्ते, धुराचे नियम आणि १९७३चं तेलसंकट यांनी तिचा निकाल लावला. जेमतेम दहा वर्षांचा खेळ. शेव्हेल ही त्या खेळातली मोठी गाडी, आणि १९७० हे तिचं सगळ्यात माजोरी वर्ष. त्या साली शेव्हेल एसएस ४५४ला एलएस६ नावाचं इंजिन मिळायचं, ४५० हॉर्सपॉवरचं. एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट.

माझी गाडी ती नव्हती. माझी होती मॅलिबू. तेच अंग, तोच पत्रा, पण कारखान्यातून निघताना ३०७ क्युबिक इंचांचं सोशिक इंजिन. शाळेत शिक्षिकेने चालवावी अशी गाडी. आधीच्या मालकाने कधीतरी त्यात ३५० घातलं होतं आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले होते. मी पुण्यात मेकॅनिकल शिकलो, इथे येऊन एमएस केलं आणि मग बहुतेक मेकॅनिकलवाल्यांप्रमाणे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी धरली. पहिल्या दीड वर्षाच्या बचतीतून, घरमालकांच्या ओळखीने, ही गाडी घेतली. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या वयाची गाडी घेतलीस?" आई गाडीपेक्षा एक वर्षाने लहान आहे, पण तो मुद्दा मी काढला नाही.

आता मूळ मुद्दा. असल एसएस आणि मॅलिबू यांच्या किमतीत फार अंतर असतं. पण १९७०ची गाडी असल आहे की नाही हे ओळखायचं कसं? १९६६ ते ६८ या वर्षांत सोपं होतं, एसएसला स्वतंत्र मालिका क्रमांक असायचा. १९६९पासून एसएस हे नुसतं एक पॅकेज झालं, गिऱ्हाइकाने मागितलं तर लावायचं. त्यामुळे १९७०च्या चासी नंबरवरून कळतं ते इतकंच : १३६३७, म्हणजे शेव्हरोले, व्ही-८ मॅलिबू, दोन दारांची कूपे. एसएसचाही हाच नंबर, शिक्षिकेच्या गाडीचाही हाच. खरा पुरावा म्हणजे कारखान्यातला बिल्डशीट नावाचा कागद. तो बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर चिकटून राहिलेला सापडतो. पण पन्नास वर्षांत टाक्या गंजतात, बदलल्या जातात, आणि उंदरांना पुराव्याशी काही देणंघेणं नसतं. माझ्या गाडीचा कागद नव्हता.

मग लोक साक्षीदार शोधतात. आणि मागचा ॲक्सल हा त्यातला मोठा साक्षीदार.

त्या वर्षी साध्या मॅलिबूला दहा बोल्टांचा ॲक्सल यायचा. मागच्या गोल झाकणाला दहा बोल्ट, आतल्या क्राउनलाही दहा. एसएसला बारा बोल्टांचा यायचा, झाकण लांबट, क्राउन ८.८७५ इंचांचं. काही बिगर-एसएस गाड्यांनाही तो मिळायचा, म्हणजे हा पुरावा काही फाशी देण्याइतका पक्का नाही. पण कागद हरवलेल्या, इंजिन बदललेल्या गाडीखाली बारा बोल्ट आणि वर डिस्क ब्रेक दिसले, की जाणकाराच्या डोक्यात गणित सुरू होतं. इंजिन काय, कुणीही उडवलं असेल. एसएसची इंजिनं उडायचीच. ॲक्सल मात्र टिकतो.

माझ्या गाडीखालचा बारा बोल्टांचा ॲक्सल मी बसवला होता. दोन वर्षांपूर्वी, याच गॅरेजात.

*

बसवायचं कारण चोख होतं. जुना ॲक्सल रडत होता. ताशी पन्नास मैलांवर पाय काढला की मागून शिट्टीसारखा आवाज यायचा, क्राउन-पिनियनचे दात खाल्ले गेल्याचा. त्यात इंजिन आधीच मोठं झालेलं. आणि या दोन्ही ॲक्सलांत चाकाचा शाफ्ट आतल्या टोकाला सी आकाराच्या एका छोट्या क्लिपने धरलेला असतो. शाफ्ट क्लिपच्या बाहेरच्या बाजूला तुटला तर चाक शाफ्टासकट बाहेर निघू शकतं. घरमालकांनी हे मला सांगितलं तेव्हा चहाचा कप बाजूला ठेवून, हाताने चाक घरंगळत जातंय असं करून दाखवलं होतं. ते चाळीस वर्षं टूल अँड डाय मेकर होते. बोलणं कमी, पण हाताने दाखवायचे ते विसरता येत नाही.

जंकयार्डमध्ये गेलो. तिथे एक ठोकलेली शेव्हेल होती, पुढचा भाग नाहीसाच झालेला. मागे बारा बोल्ट. पिनियन मोकळा होता. घरमालकांनी एक बाजू हाताने फिरवली आणि दुसरी बाजू त्याच दिशेने फिरली. म्हणजे पॉझिट्रॅक्शन. साधा डिफरन्शियल असता तर उलटी फिरली असती. ३.३१चा रेशो. छान.

मग मी खिशातलं फडकं काढून हाउसिंगच्या ओतीव लोखंडावरचं पन्नास वर्षांचं ग्रीस पुसलं. आकडे उमटले : सी १२ ०. सी म्हणजे मार्च, बारा तारीख, १९७०. माझ्या गाडीच्या बॉनेटखालच्या पट्टीवर ०४बी असं होतं, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. मार्चमध्ये ओतलेला ॲक्सल एप्रिलमध्ये बाल्टिमोरच्या कारखान्यात गाडीला लागणं, यापेक्षा सरळ जुळणी मिळणार नाही. मी खूश झालो. इतका, की फोटो काढला.

घरमालक म्हणाले, "तुला ताकद हवी होती ना? मग तारीख कशाला बघतोस?"

मी म्हणालो, सहज.

बाजारात नवे, जास्त मजबूत हाउसिंग मिळतात. ते महाग पडतात हे खरंच आहे, आणि मी स्वतःला तेच कारण सांगितलं. पण पैसे वाचवायचे असतील तर तारीख पुसून बघायची गरज नसते. हा प्रश्न मी तेव्हा तिथेच, चिखलात ठेवून आलो.

काम तीन शनिवार-रविवार चाललं. गाडी मागून उचलून चासीखाली स्टँड लावले, ॲक्सलखाली जॅक. प्रोपेलर शाफ्ट सोडवला, जॉइंटच्या टोप्या निसटून आतल्या सुया सांडू नयेत म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. ब्रेकचा नळ सोडला, हँडब्रेकच्या केबल सोडल्या, शॉकॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट सोडले. मग जॅक हळूहळू खाली घेतला आणि स्प्रिंगा आपोआप सैल होऊन हातात आल्या. ॲक्सलला धरून ठेवणारे चार हात असतात, दोन वर, दोन खाली. वरच्या डाव्या हाताचा बोल्ट गंजून बुशशी एकजीव झाला होता, त्याने एक अख्खा रविवार खाल्ला. गॅस, हातोडा, पुन्हा गॅस. नवा ॲक्सल बसवताना जॉइंटचं माप जुळेना, दोन मापांचा वेगळा जॉइंट मागवावा लागला. सगळं लागल्यावर मी उत्साहाने हातांचे बोल्ट करकचून आवळायला घेतले तर घरमालकांनी पाना काढून घेतला. गाडी चाकांवर उभी राहून तिचं वजन पडल्याशिवाय ते बोल्ट आवळायचे नसतात, नाहीतर आतलं रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षभरात फाटतं. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जुना दहा बोल्टांचा ॲक्सल गॅरेजच्या भिंतीला टेकवला. घरमालकांनी मला पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि तार दिली. मी त्यावर लिहिलं : गाडीचा मूळ मागचा ॲक्सल, अमुक तारखेला काढला, जागी १२ बोल्ट बसवला. सही. तारेने नळीला बांधलं. "गाडी जाईल तेव्हा हा तिच्याबरोबर जाईल," ते म्हणाले, "हा तिचा आहे. तुझा नाही."

*

इथे थीसियसच्या जहाजाची गोष्ट आणायचा मोह होतो. फळ्या बदलत गेलं तर जहाज तेच राहतं का, वगैरे. तो प्रश्न मला या बाबतीत फारसा महत्त्वाचा वाटत नाही. गाडी तीच होती. शिट्टी न मारणारी तीच गाडी. माझा प्रश्न वेगळा आहे : लोखंड खोटं बोलू शकतं का? आणि बोललंच, तर ते खोटं कुणाचं?

कांट हा खोटेपणाच्या बाबतीत तत्त्वज्ञानातला सगळ्यात कडक मास्तर. मित्राला मारायला आलेला खुनी दाराशी येऊन विचारत असेल तरी त्याच्याशी खोटं बोलू नये, असं त्याने १७९७च्या निबंधात ठासून मांडलंय. पण हाच कांट नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत एक पळवाट देतो. समजा, मी प्रवासाला निघालोय असं लोकांना वाटावं म्हणून मी सामान बांधलं. लोकांनी ते पाहून जो काढायचा तो निष्कर्ष काढला. मी खोटं बोललो का? कांट म्हणतो, नाही. मी काही विधान केलंच नाही. माझ्या सामान बांधण्यातून माझं मन कळावं अशी अपेक्षा ठेवण्याचा त्यांना हक्क नव्हता.

मला ही पळवाट पहिल्यांदा वाचली तेव्हा फार आवडली होती. माझ्या गाडीला ती चपखल बसते. मी कधीच म्हणालो नाही की ही एसएस आहे. जाहिरातीत 'मॅलिबू' लिहिलं होतं. बोनेटवर एसएसचा बिल्ला नव्हता. मी फक्त सामान बांधलं होतं.

पण सामान बांधणं ही कुणाची भाषा नाही. लोक हजार कारणांनी सामान बांधतात. बारा बोल्ट ही मात्र भाषा झालेली आहे. गेल्या पन्नास वर्षांत हजारो हौशी लोकांनी मिळून ती तयार केली आहे : हे झाकण म्हणजे हे, ही तारीख म्हणजे ते, हा नळ जाड असेल तर असं. ती येणारा माणूस गाडीखाली जातो तो लोखंड बघायला नाही, वाचायला जातो. मला ती भाषा येत होती. जंकयार्डमध्ये ग्रीस पुसलं ते वाचण्यासाठीच. ज्याला लिपी येते त्याने अक्षरं मांडून ठेवायची आणि मग 'मी कुठे काही बोललो' म्हणायचं, हे मला पटवून घेता येत नाही.

तरी एक गुंता उरतो. बसवताना मी खोटं बोलत होतो का? बहुतेक नाही. दोन वर्षं तो ॲक्सल नुसता ॲक्सल होता. मी ऑफिसला जायचो, किराणा आणायचो, ऑगस्टात वुडवर्ड ॲव्हेन्यूवरच्या ड्रीम क्रूझमध्ये इतर हजारो गाड्यांबरोबर गोगलगाईच्या वेगाने फिरायचो. तिथे निम्म्या मॅलिबूंवर एसएसचे बिल्ले असतात आणि मालक हसतहसत सांगतात, नकली आहे. सॉफ्टवेअरमध्ये याला छान उदाहरण आहे. जगातला जवळजवळ प्रत्येक ब्राउझर सर्व्हरला आपली ओळख सांगताना 'मोझिला ५.०' असं म्हणूनच सुरुवात करतो. क्रोम तर त्यापुढे सफारीचंही नाव लावतो. नव्वदीच्या दशकातल्या भांडणांचा तो अवशेष आहे, आणि सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणीच फसत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेलं खोटं हे खोटं उरत नाही, ती नुसती रीत होते. वुडवर्डवरचे बिल्ले तसेच. माझ्या गाडीवर बिल्ला नव्हता, म्हणजे उलट मी जास्त धोकादायक होतो. बिल्ला लावलेल्या गाडीवर लोक संशय घेतात. बिल्ला नसलेल्या गाडीखाली बारा बोल्ट सापडले तर तो त्यांना स्वतःचा शोध वाटतो.

*

आता त्या माणसाविषयी. त्याच्याबद्दल मला राग आहे, हे आधी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या विचारात तो राग मिसळलेला आहे.

त्याने गाडीखालून बाहेर येऊन 'अरे, हा तर बारा बोल्टांचा आहे, तुम्हाला कल्पना आहे का?' असं विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. असं मला वाटतं. पण त्याने विचारलं नाही. समोर एक भारतीय पोरगा, सॉफ्टवेअरवाला, नोकरी गेल्यामुळे घाईत गाडी विकणारा. याला आपण काय विकतोय ते माहीत नाही, असं त्याने गृहीत धरलं. तीन हजारांसाठी चाललेली घासाघीस त्याने एका क्षणात सोडली, कारण तो मनातल्या मनात त्याच्या कितीतरी पट कमवत होता. तो मला फसवत होता. फक्त ज्या गोष्टीवरून फसवत होता ती गोष्टच खोटी होती.

गंमत अशी, की जुन्या गाड्यांच्या बाजारात एका बाजूला जास्त माहिती असली की काय होतं, यावरचा जॉर्ज अकरलॉफचा गाजलेला निबंध १९७०च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्याला पुढे २००१ साली नोबेल मिळालं. माझी गाडी त्या निबंधापेक्षा चार महिन्यांनी मोठी. अकरलॉफच्या बाजारात विकणाऱ्याला जास्त माहीत असतं आणि घेणाऱ्याला ते माहीत असतं. आमच्या बाजारात दोघांनाही खात्री होती की जास्त माहिती आपल्यालाच आहे, आणि दोघेही त्यामुळेच गप्प होते.

मग अशा माणसाला खरं सांगायचं कर्तव्य माझ्यावर आहे का? सिसेरोने 'कर्तव्यांविषयी'च्या तिसऱ्या भागात एक वाद दिलाय. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याने वाटेत पाहिलंय. लोकांना सांगावं, की आधी चढ्या भावाने विकून घ्यावं? डायोजीनिस नावाचा स्टोइक म्हणतो, न सांगणं आणि लपवणं एक नव्हे. कायदा सांगतो तेवढे दोष सांग, बाकी विक. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांग. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो. पण ऱ्होड्सचे लोक भुकेले होते, आणि ते त्या व्यापाऱ्याला गंडवायला आले नव्हते. माझा गिऱ्हाईक आला होता.

डायोजीनिसचा हा युक्तिवाद मी त्या रात्री स्वतःशी बराच वेळ घोळवला. त्याला दोन हजार वर्षांपूर्वी तो सुचला याचा मला आधारही वाटला. कारण माझी बाजू अशी होती : एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. त्यात नवी नोकरी मिळवा किंवा देश सोडा. माझा एकोणचाळिसावा दिवस चालू होता. चोवीस हजार ही मी सांगितलेलीच किंमत होती, त्यावर एक डॉलर मी मागितला नव्हता. आणि एसएस आहे असं मानून त्याने घेतली तर त्यात माझा गुन्हा काय, त्याचा लोभ त्याने सांभाळावा.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मला त्रास व्हायला लागला तो त्यामुळेच.

*

तीन दिवसांनी तो ट्रेलर घेऊन येणार होता. आदल्या संध्याकाळी मी ठरवलं की जुना ॲक्सल त्याला द्यायचा. घरमालकांना शब्द दिला होता, आणि मला वाटलं, झालं, सुटलो. मूळ ॲक्सल सोबत दिला म्हणजे सांगितल्यासारखंच आहे. घरमालकांनी आणि मी मिळून तो ट्रॉलीवर चढवला. शेजारी जुन्या स्प्रिंगा, एक जादा रेडिएटर, काचेच्या रबराची गुंडाळी. ते आत गेल्यावर मी सगळ्यावर निळी ताडपत्री टाकली.

आणि त्याआधी पक्कड घेऊन पुठ्ठ्याची तार कापली. पुठ्ठा खिशात घातला.

हे मी का केलं, याचं उत्तर तेव्हाही माझ्याकडे तयार होतं : पुठ्ठ्यावर माझी सही आहे, परक्या माणसाकडे कशाला.

आपल्याकडे अर्धसत्याला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत माझं लक्ष नेहमी युधिष्ठिराच्या पुटपुटण्याकडे असायचं. चार अंगुळं वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकला, ते चित्र डोळ्यांपुढे यायचं. आता मला त्या गोष्टीत हत्ती दिसतो. युधिष्ठिराचं वाक्य खरं होतं, अश्वत्थामा मेलाच होता. पण ते वाक्य खरं ठरावं म्हणूनच भीमाने त्या नावाचा हत्ती मारला होता. खोटं बोलायला नको म्हणून वस्तुस्थिती तयार केली, एक जीव खर्ची घालून. युधिष्ठिर सत्यवादी नसता तर तो हत्ती वाचला असता.

माझी ताडपत्री तेच करत होती. 'मूळ ॲक्सल मी दिला होता' हे वाक्य उद्या-परवा, त्याचा फोन आला तर, वकिलाची नोटीस आली तर, किंवा नुसतं रात्री झोप आली नाही तर, खरं असावं म्हणून मी एक खरी वस्तू ट्रेलरवर चढवणार होतो.

तो सकाळी नऊला आला. बँकेचा चेक दिला, मी नंबर तपासला, टायटलवर सही केली. गाडी ट्रेलरवर चढली. मी ट्रॉलीकडे हात करून म्हणालो, "काही जुने सुटे भाग आहेत, तेही घेऊन जा." तो म्हणाला, "थँक्स." ताडपत्री उचलली नाही. आम्ही दोघांनी ताडपत्रीसकट सगळं ट्रेलरच्या पुढच्या भागात ओढून ठेवलं. बरंच जड होतं. त्याने काय आहे असं विचारलं नाही. आपल्याला हवं ते मिळालेला माणूस फार प्रश्न विचारत नाही.

तो पट्टे आवळत होता. घरमालक पायऱ्यांवर उभे होते, हातात कप. त्यांची नजर ताडपत्रीवर होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ताडपत्रीकडे. नळीचं एक टोक बाहेर राहिलं होतं, आणि त्यावर तारेचा एक आखूड तुकडा अजून अडकलेला होता.

मी ट्रेलरवर चढलो आणि ताडपत्री ओढली. "हा या गाडीचा मूळ ॲक्सल आहे," मी म्हणालो. "खालचा मी बसवलाय."

त्याने वाकून पाहिलं. ओठ हलत होते, तो बोल्ट मोजत होता. दहाशी थांबला. पुन्हा मोजले.

"कधी?"

मी खिशातून पुठ्ठा काढला. आदल्या दिवशीपासून त्याच पँटमध्ये होता, मधोमध दुमडलेला. त्याने वाचला, उलटून पाठीमागे काही आहे का ते पाहिलं.

"हे परवा सांगता आलं असतं."

"परवा तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं," मी म्हणालो. हे म्हणताना मला बरं वाटलं, आणि लगेच वाटायचं थांबलं. चेक माझ्या खिशात होता आणि पुठ्ठाही आत्तापर्यंत माझ्याच खिशात होता.

तो काही वेळ गाडीकडे बघत राहिला. मला वाटलं, उतरवा म्हणेल. मग म्हणाला, "एकवीस." मी म्हणालो, साडेबावीस. या वेळी दोघंही शेव्हेल मॅलिबूबद्दल बोलत होतो, त्यामुळे फार वेळ लागला नाही. फरकाचा चेक मी घरमालकांच्या गाडीच्या टपावर ठेवून लिहिला.

घरमालक पायऱ्यांवर नसते तर मी काय केलं असतं, हे मला खरंच सांगता येत नाही. त्यांची गोळ्यांची वेळ नऊची असते. त्या दिवशी ते गोळ्या घ्यायला आत गेले नव्हते, किंवा उशिरा गेले, मी विचारलं नाही. मी त्यांना ताडपत्रीबद्दल काही बोललो नाही आणि तेही बोलले नाहीत. नंतर पंधरा दिवसांनी मला कंत्राटी काम मिळालं आणि व्हिसाचं निभावलं. पण हे आधी कळलं असतं तर, हाही एक 'तर' आहेच.

त्या माणसाने मात्र जाण्यापूर्वी एक केलं. माझ्याकडून पक्कड मागितली, त्याच्या पेटीतून तारेचा नवा तुकडा काढला, पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि तो परत ॲक्सलच्या नळीला बांधला. दोन वेढे घेतले, पीळ दिला, उरलेलं टोक आत वळवलं म्हणजे कुणाच्या हाताला लागू नये. मग ताडपत्री नीट टाकून तिच्यावरून पट्टा आवळला.